पहिलीचा प्रवेश आणि दहा वर्षांचा शब्द

दरवर्षी जुलै महिन्याच्या अखेरीस आमच्या संस्थेच्या विश्वस्त मंडळाची सभा भरते. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले जाते आणि लगेच विषयपत्रिकेवर मुख्याध्यापिकांचा अहवाल हा विषय येतो. अहवालाचे दोन भाग ठरलेले आहेत : पटसंख्या व प्रवेश हा पहिला, शैक्षणिक उपक्रम हा दुसरा. आमची शाळा ठाण्याच्या जुन्या वस्तीत आहे, बालवर्गापासून दहावीपर्यंत आहे, मराठी माध्यमाची आहे आणि शासनाचे अनुदान न घेता पालकांचे शुल्क व देणगीदारांचा आधार यांवर चालते. अशा शाळेत पटाचा आकडा वाचून दाखवणे म्हणजे नुसती माहिती देणे नव्हे. त्या आकड्यावर शिक्षकांचे पगार, पुढच्या वर्षीचे अंदाजपत्रक आणि शाळेचे अस्तित्व अवलंबून असते. हा अहवाल कसा लिहावा, विश्वस्तांपुढे काय ठेवावे आणि त्यांच्याकडे काय मागावे, याचा विचार मी वर्षभर करत असते. यंदाच्या सभेनंतर तो सविस्तर लिहून काढावासा वाटला.

आमचे विश्वस्त हे मानद काम करणारे लोक आहेत. कुणी बँकेतून निवृत्त झालेले, कुणी सनदी लेखापाल, एक बालरोगतज्ज्ञ, एक याच शाळेतून शिकून गेलेली वास्तुविशारद, आणि अध्यक्ष म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्षापासून तिच्याबरोबर असलेले वयोवृद्ध गृहस्थ. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दरवर्षी सादर करायच्या हिशेबपत्रकांवर त्यांच्या सह्या असतात, म्हणजे आर्थिक जबाबदारी कायद्याने त्यांच्या शिरावर आहे. वर्गात रोज काय घडते ते मात्र त्यांना माझ्या अहवालातूनच कळते. जे मी लिहीन तेवढेच त्यांना दिसेल, ही जाणीव मला नेहमी सावध ठेवते.

पटाचा भाग पूर्वी एका ओळीत संपत असे. गेल्या वर्षी एकूण इतके विद्यार्थी होते, यंदा इतके आहेत, अमुक वाढले किंवा अमुक घटले. एकूण पट हा आकडा फसवा नसतो, पण तो फार थोडे सांगतो. समजा, एखाद्या शाळेत दहावीतून ४० मुले बाहेर पडली, बालवर्गात ३० आली आणि मधल्या इयत्तांत बाहेरून १० मुले दाखल झाली, तर एकूण पट जिथल्या तिथे राहतो आणि सभेत कुणाच्याच कपाळावर आठी उमटत नाही. प्रत्यक्षात मात्र पुढच्या दहा वर्षांचा पाया त्या वर्षी एक चतुर्थांशाने आकसलेला असतो. म्हणून मी काही वर्षांपासून पट वर्गवार देते, आणि त्याच्या शेजारी आणखी एक तक्ता देते. आज सातवीत असलेली तुकडी पहिलीत आली तेव्हा तिच्यात किती मुले होती, त्यांतली किती अजून आहेत, किती मध्येच गेली आणि कोणत्या इयत्तेच्या शेवटी गेली, हे त्या तक्त्यात असते. बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या खजिनदारांना हा तक्ता पहिल्याच वर्षी पटला. ठेव किती आली याइतकेच ती किती काळ टिकली हेही पाहावे लागते, असे ते म्हणाले.

गेलेली मुले का गेली, हे शोधायला मी जनरल रजिस्टर घेऊन बसते. ज्यांनी शाळेच्या कार्यालयात काम केले आहे त्यांना हे जाडजूड, कापडी पाठीचे रजिस्टर ठाऊक असेल. त्यात एका आडव्या ओळीत मुलाची शालेय हकिगत मावलेली असते : नोंद क्रमांक, नाव, आईचे नाव, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, शाळा सोडण्याचे कारण आणि शेरा. दाखला लिहिताना याच ओळीतला मजकूर उतरवला जातो. यातला कारणाचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचत गेले की बहुतेक ओळींत एकच वाक्य सापडते : पालकांच्या विनंतीवरून. दप्तराच्या दृष्टीने ते पुरेसे आहे. विश्वस्तांना त्यातून काहीच समजत नाही. म्हणून दाखला मागायला आलेल्या पालकांशी मी स्वतः बोलते, त्यांना थांबवण्यासाठी नव्हे, समजून घेण्यासाठी, आणि त्यांनी सांगितलेले कारण नावाशिवाय वेगळ्या वहीत टिपून ठेवते. या वहीवरून अहवालातला एक परिच्छेद तयार होतो, आणि माझ्या मते संपूर्ण अहवालात तोच सर्वांत उपयोगाचा असतो.

त्या वहीत जे दिसते ते शहराच्या बदलाचे चित्र आहे. नौपाडा, पाचपाखाडी या भागांतल्या तीन-चार मजली जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. इमारत रिकामी करायची वेळ आली की विकासक भाडे देतो, पण त्या भाड्यात त्याच गल्लीत घर मिळतेच असे नाही. कुटुंब कळव्याला, डोंबिवलीला किंवा घोडबंदर रस्त्याला कासारवडवलीच्या बाजूला जाते. तीन-चार वर्षांनी परत येऊ, असे सांगून जाते आणि ते खरेही असते. पण तिसरीतल्या मुलाला रोज लोकलने किंवा दोन बस बदलून शाळेत आणणे आईवडिलांना झेपत नाही, आणि इमारत उभी राहीपर्यंत ते मूल दुसऱ्या शाळेत रुळलेले असते. काहींना नव्या घराचा देखभाल खर्च परवडत नाही. ते मिळालेले घर विकून बदलापूरला मोठे घर घेतात. नव्या मनोऱ्यांमध्ये राहायला येणाऱ्या कुटुंबांपैकी मराठी शाळेचा विचार करणारी थोडी असतात. यात कुणाचा दोष नाही. शाळेभोवतीची वस्ती बदलली, आणि शाळा मात्र होती तिथेच आहे.

दुसरे कारण याहून शांतपणे काम करते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणाऱ्या मुलांची संख्या, १.७ इतका आढळला. लोकसंख्या स्थिर राहायला जो २.१ दर लागतो त्याच्या तो बराच खाली आहे. म्हणजे सगळ्याच माध्यमांच्या सगळ्याच शाळांना मिळून वाट्याला येणारी मुले कमी होत आहेत. आमच्या बालवर्गात येणाऱ्या मुलांपैकी अनेक जण घरातले एकुलते एक असतात. एकच मूल असले की पालक त्याच्या बाबतीत कसलीही जोखीम घ्यायला तयार नसतात, आणि आजच्या मराठी घरात मराठी माध्यम ही जोखीम मानली जाते. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी विषय शिकवला जातो, पुढे सेमी-इंग्रजीचा मार्गही आहे, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. यांतल्या प्रत्येक गोष्टीचा मला आनंद आहे. पण नोकरीच्या मुलाखतीत अडखळलेल्या बापाला आपल्या मुलीने तसे अडखळू नये असे वाटते, तेव्हा त्याच्यापुढे धोरणाची कलमे मांडून काही साधत नाही. आमच्या सातवीच्या मुली इंग्रजी पुस्तक कसे वाचतात, अडले तर काय करतात, हे त्याला वर्गात बसवून दाखवावे लागते.

तिसरे कारण आमच्यासारख्या विनाअनुदानित मराठी शाळेपुरते आहे. पाचशे पावलांवरच्या अनुदानित किंवा महापालिकेच्या शाळेत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके मोफत मिळतात, पोषण आहार मिळतो आणि शुल्क जवळजवळ नसते. आमच्याकडे शुल्कही भरायचे आणि पुस्तकेही विकत घ्यायची. दुसऱ्या बाजूला, जो पालक भरपूर शुल्क भरू शकतो तो बहुधा इंग्रजी माध्यमाकडे वळतो. या दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत आम्ही उभे आहोत. शुल्क वाढवायचे म्हटले तर २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची संमती लागते, आणि एकदा ठरलेले शुल्क दोन शैक्षणिक वर्षे बंधनकारक राहते. हा नियम मला योग्यच वाटतो, कारण त्यामुळे ताळेबंद पालकांपुढे उघडून ठेवावा लागतो. शिक्षण हक्क कायद्याखाली दुर्बल व वंचित घटकांसाठी राखीव असलेल्या पंचवीस टक्के जागांवर आलेल्या मुलांच्या शुल्काची शासन प्रतिपूर्ती करते, पण ती रक्कम हातात पडेपर्यंत अंदाजपत्रकात जमा धरता येत नाही. खजिनदार ती धरत नाहीत, आणि हे त्यांचे धोरण शहाणपणाचे आहे.

इथे अनुदानित शाळेतला आणि आमच्यातला एक फरक विश्वस्तांना पुनःपुन्हा सांगावा लागतो. अनुदानित शाळेत पट घटला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे मंजूर करण्याच्या शासकीय प्रक्रियेत, शिक्षकाचे पद कमी होते. तो शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि दुसऱ्या शाळेत त्याचे समायोजन होते. त्याला त्रास होतो, पण त्याची चूल विझत नाही. आमच्या शाळेत समायोजन नाही. पंधरा वर्षे पहिली-दुसरीला शिकवून मुलांना वाचते करणाऱ्या ताईंचा पगार दरमहा फक्त या संस्थेच्या खात्यातून निघतो. त्यामुळे पटाचा आकडा वाचताना माझ्यासमोर मुले असतात तशीच ही माणसेही असतात, आणि त्या आकड्याला थोडे सजवून सांगण्याचा मोह कुठल्याही मुख्याध्यापकाला होऊ शकतो. तो टाळण्याचे कारण आपल्या राज्याने पाहिलेले आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये तीन दिवस राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावली गेली, आणि हजेरीपटावर असलेली पण बाकावर नसलेली नावे मोठ्या संख्येने उघड झाली. त्यानंतर कितीतरी दिवस प्रामाणिक शाळांकडेही लोक संशयाने पाहत होते. अनुदान घेणाऱ्या शाळेने शासनाची फसवणूक करू नये हे तर आहेच. अनुदान न घेणाऱ्या शाळेत मात्र फुगवलेला आकडा थेट आपल्याच विश्वस्तांची फसवणूक करतो, आणि तेच तर तिचे एकमेव आधार असतात.

मला खरे म्हणजे ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला ती आता येते. फेब्रुवारीत प्रवेशासाठी चौकशीला येणारे पालक पूर्वी विचारत, गृहपाठ किती असतो, इंग्रजी कसे शिकवता, शिष्यवृत्तीला मुले बसवता का. अलीकडे त्यांचा पहिला प्रश्न वेगळा असतो. एक आई आपल्या मुलीचा जन्मदाखला टेबलावर ठेवून, तो पुढे न सरकवता, मला म्हणाली, "ताई, शाळा आम्हाला आवडलीय, पण हिची दहावी होईपर्यंत शाळा राहील ना?" तिच्या बहिणीचा मुलगा दुसऱ्या एका शाळेत पाचवीत असताना तिथला मराठी विभाग बंद झाला होता आणि त्याला वर्षाच्या मध्यावर शाळा शोधत फिरावे लागले होते. तिचा प्रश्न पूर्णपणे रास्त होता. मराठी माध्यमाबद्दल तिच्या मनात शंका नव्हती, आमच्या शिकवण्याबद्दलही नव्हती. तिला फक्त इतके हवे होते की मुलीच्या वाटेत शाळेने मध्येच हात सोडू नये. त्या क्षणी मी "हो" म्हणाले. पण ते "हो" मी एकटीच्या बळावर म्हणू शकत नाही. ते विश्वस्त मंडळाने म्हणायला हवे, आणि इतिवृत्तात नोंदवून म्हणायला हवे.

पहिलीत एका मुलाला प्रवेश देणे म्हणजे त्याच्या घराला दहा वर्षांचा शब्द देणे असते. आपण तो एका वर्षाच्या शुल्काची पावती फाडून देतो, आणि सभेतही एका वर्षाचा हिशेब पाहतो. यंदा किती आले, पुढच्या वर्षी किती येतील, एवढ्यावरच सगळी चर्चा फिरते. जे आधीच आलेले आहेत त्यांना दिलेल्या शब्दाची किती वर्षे शिल्लक आहेत, हे कुणी मोजत नाही. तिसरीच्या तुकडीची आणखी सात वर्षे शिल्लक आहेत, सहावीची चार. यंदाच्या अहवालात मी वर्गवार पटाच्या शेजारी हा रकानाही वाढवला.

विश्वस्तांमधून एक सूचना दरवर्षी येते, आणि ती सद्भावनेनेच येते : याच इमारतीत इंग्रजी माध्यमाचा विभाग सुरू करावा, त्याच्या उत्पन्नातून मराठी विभाग सांभाळावा. अनेक जुन्या संस्थांनी ही वाट धरली आहे आणि त्यांतल्या काहींना त्यामुळे खरोखर आर्थिक श्वास मिळाला, हे मी नाकारत नाही. पण पुढे काय होते तेही आपण आपल्या शहरांत पाहिले आहे. नव्या विभागाला पालक शुल्क जास्त देतात म्हणून संगणक कक्ष आधी त्यांना, रंगकाम आधी त्यांच्या मजल्याचे, पटांगणाची सकाळची वेळ त्यांची. कुणीही वाईट हेतूने हे करत नाही. पैसा जिथून येतो तिकडे सोयी आपोआप वळतात. मग मराठी विभागाचे पालकही म्हणू लागतात की याच संस्थेने जर ते चांगले मानले, तर आमच्या मुलाला तिकडेच घाला. दिलेला शब्द मोडला असे कुणी म्हणणार नाही, आणि तरीही तो मोडलेला असेल. हे मी सभेत याच शब्दांत सांगितले. वास्तुविशारद असलेल्या आमच्या माजी विद्यार्थिनीने त्याला दुजोरा दिला. अध्यक्षांनी चर्चा नोंदवून घ्यायला सांगितली, निर्णय झाला नाही.

अहवालाचा दुसरा भाग उपक्रमांचा. तो लिहिताना मला सर्वांत जास्त आनंद होतो, आणि यंदा मी फक्त एकच उपक्रम सविस्तर लिहिला. आमच्या चौथीची मुले वर्षभर जांभळी नाक्याच्या मंडईत जातात. गटाला एक वही असते, आणि प्रत्येक गटाची एक ठरलेली विक्रेती असते. मेथी, कोथिंबीर, टोमॅटो, कांदा यांचे भाव मुले नोंदवतात. जुडी किती रुपयांना, पाव किलो किती रुपयांना, आणि गेल्या खेपेपेक्षा का वाढला हे त्या मावशींनाच विचारतात. वर्गात परतल्यावर त्याचे स्तंभालेख होतात. कोणती भाजी नाशिकहून येते, कोणती जुन्नरकडून, वाशीच्या बाजार समितीत ती कधी उतरते आणि ठाण्यात किती वाजता पोचते, याचा नकाशा होतो.

जून महिन्यात मंडईच्या कडेला शहापूर, मुरबाडकडच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात. यंदा एका गटाला तिथे शेवळं दिसली. गुलाबीसर-तपकिरी, कोंबासारखी ती जुडी बघून मुलांना ती भाजी असल्याचेच खरे वाटेना. ती बाई म्हणाली, "नुसती नेऊ नका, काकडं पन न्या, नायतर घसा खाजंल." शेजारीच काकड या रानझाडाच्या हिरव्या, आवळ्याएवढ्या फळांचा वाटा मांडलेला होता. मुलांनी दोन्हींची चित्रे काढली, घसा का खाजेल हे शाळेत येऊन विचारले, आणि शिक्षिकेने लगेच उत्तर न देता सुरणाची, अळूची आठवण करून दिली. अळूच्या फदफद्यात चिंच का घालतात हे एका मुलीला आजीमुळे माहीत होते. तिथून आंबट पदार्थ काय करतो इथपर्यंत वर्ग त्याच तासात पोचला. त्या आठवड्यात चौथीतल्या मुलांनी जे लिहिले त्यातली दोन पाने मी अहवालाला जोडली, शुद्धलेखन न सुधारता. एका मुलाने लिहिले होते की ती बाई पहाटेच्या अंधारात घरून निघते आणि आम्ही उठतो तेव्हा ती बसमध्ये असते. मराठीतून शिकण्याचे माझ्या दृष्टीने याहून चांगले समर्थन नाही : मुलाला प्रश्न विचारता आला, त्या बाईला उत्तर देता आले, आणि दोघांच्या मध्ये कुणी दुभाषी लागला नाही.

अहवाल वाचून झाल्यावर एका विश्वस्तांनी विचारले, या उपक्रमामुळे प्रवेश किती वाढले? प्रश्न साधा होता आणि जबाबदारीच्या पोटी विचारलेला होता. मी सांगितले की मला ते सांगता येणार नाही, आणि कधी सांगता आले तरी मला तो उपक्रम त्यासाठी चालवायचा नाही. उपक्रम प्रवेशासाठी होऊ लागला की तो हळूहळू छायाचित्रासाठी होतो. मग मंडईत जाण्याचा दिवस फलक आणि टोप्या यांच्या सोयीने ठरतो, मुलांना विक्रेतीसमोर उभे करून हसायला सांगितले जाते, आणि भावाची वही मागे पडते. मी हे इतर ठिकाणी घडताना पाहिले आहे. उलट लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सुरू केलेले सृजन आनंद विद्यालय, मॅक्सिन बर्नसन यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये फलटणला सुरू झालेले कमला निंबकर बालभवन, १९९२ पासूनची पुण्याची अक्षरनंदन किंवा नाशिकची आनंद निकेतन या शाळांकडे पाहिले, तर मराठीतून आणि अनुभवातून शिकवायचे हे त्यांनी आधी ठरवले, आणि ते पटलेले पालक त्यांच्याकडे आले. त्यांच्यापुढच्या अडचणी आमच्यापेक्षा कमी असतील असे मी मानत नाही. तरी आमच्या शिक्षकांना मी त्यांचे लेखन वाचायला देते, कारण काम आधी आणि संख्या मागाहून, हा क्रम त्यांनी निभावून दाखवला आहे. म्हणूनच माझ्या अहवालात पट आणि उपक्रम हे दोन भाग मी मुद्दाम वेगळे ठेवते. एकाच्या उणिवेवर दुसऱ्याचे पांघरूण घालायचे नाही.

एवढे सगळे मांडून झाल्यावर मी विश्वस्तांकडे एकच गोष्ट मागितली. जाहिरातीसाठी पैसे मागितले नाहीत, फलक मागितला नाही. मी असा ठराव मांडला की, ज्या वर्षी संस्था पहिलीचा वर्ग सुरू करेल त्या वर्षीच्या तुकडीला, तिचा पट पुढे कितीही घटला तरी, दहावीपर्यंत याच शाळेत, याच माध्यमात शिकता येईल. आणि त्यासाठी प्रत्येक नव्या तुकडीच्या नावाने एक राखीव निधी मुदत ठेवीत ठेवला जाईल. शिक्षण हक्क कायद्याखाली आलेल्या मुलांचाही त्यात स्पष्ट उल्लेख असावा, असा माझा आग्रह होता. कायद्याचे छत्र आठवीपर्यंत आहे. नववीत पाऊल टाकताना त्या मुलाच्या घरी शुल्काचा प्रश्न उभा राहतो, आणि आठ वर्षे आपल्यात वाढलेले मूल नेमके तेव्हा शाळा सोडून जाते. त्याच्या बाबतीत आपण दहा वर्षांचा शब्द आठव्या वर्षी मागे घेतो.

खजिनदारांनी लगेच कागद पुढे ओढला. एका तुकडीला वर्षाला किती खर्च येतो, शिक्षकांच्या पगाराचा त्यातला वाटा किती, पट अर्धा झाला तर तूट किती पडेल, व्याजाचा दर खाली आला तर काय, असे त्यांनी एकेक विचारले, आणि मी नेलेल्या तक्त्यांवरून त्यांना उत्तरे देता आली. ते म्हणाले, "ताई, ठराव मला मान्य आहे. पण आलेल्या मुलांना शब्द द्यायचा असेल, तर ज्या वर्षी तो देणे शक्य नाही त्या वर्षी तो देऊ नये, एवढे धाडसही आपल्यात हवे. पहिलीत किमान किती मुले आली तर वर्ग उघडायचा, तो आकडा आधी ठरवा." सभागृहात सगळ्यांना ते पटले, मलाही पटले. ऐकायला कठोर वाटले तरी ते पालकांच्या बाजूचे बोलणे होते. पाच-सहा मुलांवर वर्ग उघडून चौथ्या वर्षी तो गुंडाळण्यापेक्षा फेब्रुवारीतच पालकांना स्पष्ट सांगितलेले बरे, म्हणजे त्यांना दुसरी शाळा शोधायला वेळ राहतो. ठराव तत्त्वतः मंजूर झाला. किमान संख्येचा प्रस्ताव दिवाळीपूर्वीच्या सभेत मुख्याध्यापिकांनी मांडावा, असे इतिवृत्तात नोंदले गेले.

मी आणि शिक्षिका त्यावर गेले काही दिवस बोलत आहोत. निव्वळ खर्च भागवणारी संख्या खजिनदार काढतील आणि ती अर्थातच मोठी असेल. आम्ही वर्गाच्या बाजूने मोजतो आहोत. पहिलीत गटात बसून शिकताना चार-चार मुलांचे किमान चार गट हवेत, म्हणजे एक गट अडला तर दुसऱ्याकडे जाता येते. रोज दोन-तीन मुले आजारपणाने किंवा गावी गेल्यामुळे गैरहजर असतात. आणि पुढे पाचवी-सहावीत या तुकडीला आपापसांत खो-खोचा पूर्ण सामना खेळता यावा, असे क्रीडाशिक्षिकेचे म्हणणे आहे. एका संघाचे नऊ धरले तर तिथे अठरा होतात. मध्यंतरी शाळा सोडून जाणाऱ्यांचा आमचा आजवरचा तक्ता पाहता, सहावीत अठरा उरायची असतील तर पहिलीत चोवीस तरी हवीत. हा आकडा मी दिवाळीपूर्वीच्या सभेत मांडणार आहे, आणि खजिनदारांचा आकडा त्याहून जितका मोठा येईल, तेवढ्या मुलांच्या दहा वर्षांच्या शुल्काइतका राखीव निधी उभा करण्यासाठी माजी विद्यार्थ्यांकडे जायचे, हेही त्याच प्रस्तावात लिहिणार आहे.